केळीच्या बागेतली सात मिनिटं

त्या रविवारचा रोजनामचा मी आजही न बघता म्हणून दाखवू शकतो. नाताळच्या सुट्टीतला रविवार. बुरहानपूर शहरापासून नऊ किलोमीटरवर, केळीच्या बागांना लागून असलेलं एक मनोरंजन उद्यान. तिकिटं तीन. मोठ्यांची साडेचारशेप्रमाणे दोन, लहानाचं तीनशे, एकूण बाराशे रुपये. हजर माणसं : नवरा, बायको आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिघं गेटवर पोचले. बारा वाजून एका मिनिटानं तिथे दोघंच उरले होते.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. पुढे काही वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता घर, बँकेची कामं आणि दोन एकर कपाशी, एवढंच बघतो. भेटणारे लोक खून-दरोड्यांबद्दल विचारतात. त्या प्रकरणांत मला सांगण्यासारखं फार वाटत नाही, कारण बहुतेक गुन्हे आळशीपणानं केलेले असतात आणि चिकाटीनं सापडतात. हे प्रकरण वेगळं होतं. यात शेवटी एकही आरोपी निघाला नाही. कुणाचंच नाव मी देणार नाही. मुलीला इथे चिमी म्हणतो, ते तिचं खरं नाव नाही.

बारा एक्केचाळीसला कंट्रोल रूमचा निरोप आला. अल्पवयीन मूल हरवलं की आधी शोधू आणि मग लिहू, असं चालत नाही. अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा ताबडतोब नोंदवावा लागतो. प्रधान आरक्षकाला, म्हणजे हवालदाराला, त्या कामाला बसवलं आणि एक जीप, एक महिला आरक्षक आणि चार आरक्षक, म्हणजे शिपाई, घेऊन मी निघालो. सायरन लावून. एक वाजून पाच मिनिटांनी आम्ही गेटवर होतो.

सुट्टीची गर्दी तुडुंब होती. खांबाखांबावर स्पीकर, मधल्या चौकात डीजे, उंचावरून खाली आदळणाऱ्या झुल्यावर एकसारख्या किंकाळ्या. लाटांचा तलाव होता, तिथे दर तासाला लाटा सोडण्याआधी मोठा भोंगा वाजे. मी तिथे याआधी बंदोबस्ताला गेलो होतो, पण हा सगळा आवाज माझ्या कानांना कधी वेगळा जाणवला नव्हता.

आम्ही जे नेहमी करतो ते केलं. माईकवरून मुलीचं नाव, वय, कपड्यांचा रंग, दर पाच मिनिटांनी. जीप सायरन वाजवत कुंपणाभोवती. आरक्षकांच्या तोंडात शिट्ट्या. हरवलेलं मूल आवाजाच्या दिशेनं येतं, हा आमचा अनुभव. जत्रेतून, उरुसातून, रेल्वे स्टेशनातून माझ्या नोकरीत सतरा मुलं मी याच पद्धतीनं आईबापांच्या हाती दिली होती. दोन आरक्षक मागच्या केळीच्या बागेतही शिट्ट्या मारत पळत जाऊन आले. पंधरा मिनिटांत परतले. त्यातला एक म्हणाला, "सर, आत काहीच दिसत नाही. पूरा जंगल है." त्यांच्या पाठोपाठ बागेत कटाई करणाऱ्या मजुरांचा मुकादम आला. घडाच्या वजनानं झाड पडू नये म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. पळताना आमच्या लोकांनी ते टेकू पाडले होते आणि तीन झाडं घडासकट आडवी झाली होती. मी त्याला नंतर बघू म्हणून वाटेला लावलं.

मुलीचा बाप शहरातल्या इतवारा बाजारात कापडाच्या दुकानावर कामाला होता. तो घडी घडी रडत होता आणि मध्येच बायकोला बोलत होता. किती वेळा सांगितलं होतं, घरी राहू दे तिला. आता झालं ना समाधान. बायको एका शाळेच्या कार्यालयात कारकून. ती रडत नव्हती. एक लांबट वही छातीशी धरून उभी होती आणि सारखी मनगटावरचं घड्याळ बघत होती. मी पोचताच ती मला म्हणाली, "साहेब, आधी भोंगा बंद करा. तिला हाका मारू नका." मी तिला सांगितलं की ताई, आमचं काम आम्हाला करू द्या. दहा मिनिटांनी ती पुन्हा आली आणि तेच म्हणाली. मी महिला आरक्षकाला सांगून तिला खुर्चीवर बसवलं.

ही माझी पहिली चूक. दुसरी लगेच पुढे आहे.

दीडच्या सुमारास गेटवरच्या गार्डनं मला बाजूला घेतलं. साधा, पोटापुरता पगार घेणारा माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एक बात सांगू का? ही बाई आधी दोन वेळा येऊन गेली. अकेली. एक पण झूला नाही खेळली. घड्याळ बघायची, वहीत लिहायची. मागचं फाटक पण बघून गेली." आज गेटवर नवराबायकोची बोलाचालीही झाली होती आणि बाईनं मुलीचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं, असंही त्यानं सांगितलं.

माझ्या शेजारच्या तरुण आरक्षकानं माझ्याकडे पाहिलं. "सर, ही तर रेकी झाली."

मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो. आजारी किंवा वेगळ्या मुलाला घरचीच माणसं स्टेशनवर सोडून जातात, अशी दोन प्रकरणं मी स्वतः हाताळली होती. न रडणारी आई, वेळा टिपलेली वही, मागच्या फाटकाची पाहणी. पोलिसाचं डोकं असंच चालतं. जे जुळत नाही त्यावर ते बोट ठेवतं, आणि एकदा बोट ठेवलं की उरलेलं सगळं जुळवून घेतं. मी तीन माणसं इथल्या शोधातून काढून बसस्टँडवर आणि नाक्यांवर पाठवली. आणि बाईला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. महिला आरक्षक सोबत होती, नवऱ्याला बाहेर ठेवलं. वेळ एक पन्नास.

मी विचारलं की याआधी तुम्ही इथे आला होता का. तिनं लपवलं नाही. दोनदा, एक मंगळवार आणि एक गुरुवार, दोन्ही दिवस अर्ज देऊन रजा घेतलेली, अकरा ते चार. कशासाठी, असं विचारताच तिनं वही टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"वाचा."

मी आयुष्यभर वह्याच वाचत आलो. रोजनामचे, केस डायऱ्या, सावकारांच्या खतावण्या, मटक्याच्या चिठ्ठ्या. इतकी स्वच्छ वही माझ्या हातात पहिल्यांदा आली. पहिल्या पानावर मापाचं कोष्टक होतं. शून्य म्हणजे घरची दुपार. एक म्हणजे पंखा. दोन म्हणजे मधल्या सुट्टीतली शाळा, लांबून. तीन म्हणजे बाजार. चार म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. पाच म्हणजे लग्नातला डीजे. पुढच्या पानांवर उद्यानातली एकेक जागा, तिथला आवाज, किती वेळ टिकतो, कधी सुरू होतो. तिकीट खिडकी, दोन. लाटांचा तलाव, पाच, दर तासाला ठोक्यावर, चाळीस सेकंद. बायकांच्या स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र, चार, अचानक, आत नेऊ नये, रुमाल ठेवणे. आकाशपाळणा, खाली तीन, वर गेल्यावर एक. पाण्याच्या टाकीमागे, मागच्या फाटकाजवळ, एक, सावली आहे, त्रास झाला तर इथे थांबायचं. शेवटच्या पानावर मुलीसाठी काढलेला नकाशा होता. थांबायच्या जागा हिरव्या रंगानं, टाळायच्या लाल रंगानं. त्याचीच एक प्रत मुलीनं स्वतः रंगवून घरच्या कपाटावर चिकटवली होती.

चिमीला मोठा आवाज सोसत नाही. डॉक्टरांकडे नेलं होतं, कान उत्तम आहेत. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो तो तिला चटका बसल्यासारखा लागतो. अशा वेळी ती हाक ऐकत नाही, दिशा बघत नाही, फक्त आवाजापासून लांब जाते. हाक मोठी असेल तर हाकेपासूनसुद्धा. आईनं हे मला तक्रार सांगावी तसं सांगितलं नाही. एखादी गाडी उजवीकडे ओढते हे सांगावं, इतक्या साधेपणानं सांगितलं.

बाहेर तिचा नवरा जे म्हणत होता तेच मी तिला विचारलं. अशा मुलीला अशा जागी आणायचंच कशाला?

"तिनं मागितलं म्हणून," ती म्हणाली. "शाळेची सहल इथे आली होती. तिला नेलं नाही, त्रास होईल म्हणाले. चार महिने झाले, ती रोज आकाशपाळणा काढते. तिला आवाजाचा त्रास होतो साहेब, आकाशपाळण्याचा नाही."

 तरी चौकशी अर्धी सोडायची नाही म्हणून मी विचारलं की एवढी तयारी होती तर कानांना लावायला काही का आणलं नाही. तिनं पर्समधून पितळी बिल्ला काढला. अडतीस नंबर. लाकूड कापायच्या आरागिरणीत कामगार कानांवर लावतात तसली जाड झाकणं तिनं मुलीच्या मापाची मागवून घेतली होती. ती गेटवर काढून घेतली गेली आणि त्यावरूनच तिथे बोलाचाली झाली होती.

मी गार्डला आत बोलावलं. तो म्हणाला, मला आठवत नाही साहेब, गर्दी किती असते. मी त्याला जमा सामानाचं रजिस्टर आणायला लावलं आणि अडतीस नंबरची ओळ त्यालाच वाचायला सांगितली. त्याच्याच अक्षरात होतं : हेडफोन, एक नग. तो रजिस्टर मिटून स्टुलावर बसला.

"हेडफोन लावून झुल्यावर बसायचं नाही असा रूल आहे साहेब. मी रूलनं काम केलं. पोरीला काही झालं तर नोकरी माझी जाणार. म्हणून..."

म्हणून त्यानं मला जे खरं होतं तेवढंच सांगितलं आणि जे महत्त्वाचं होतं ते ठेवून घेतलं. खोटं बोलणारा माणूस मला सहसा फसवू शकत नाही. अर्धं खरं सांगणारा फसवतो. मी त्याला फार बोललो नाही. त्यानं पुढे केलेलं मी चावल्याशिवाय गिळलं होतं.

आता घड्याळात दोन दहा झाले होते. मी बाईला म्हणालो की ताई, बारा वाजल्यापासून पुन्हा सांगा, एकेक पाऊल.

ती सांगू लागली. बाराच्या आधी तलावापासून लांब जायचं होतं. गेटवरच्या भांडणात आणि सामानाच्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली, म्हणून उशीर झाला. भोंगा वाजला आणि त्याच क्षणी चौकातला डीजे सुरू झाला. मुलीचं मनगट आईच्या हातात होतं. पण कान झाकायला दोन हात लागतात. मुलीनं हिसका देऊन हात सोडवला, डोळे मिटले आणि पळाली. आई सर्वात आधी टाकीमागच्या हिरव्या जागेत गेली. मुलगी तिथे नव्हती.

"तिथे मोठा जनरेटर लावलेला होता," ती म्हणाली. "मंगळवारी नव्हता, गुरुवारी नव्हता. सुट्टीच्या दिवशी लोड जास्त म्हणून भाड्यानं आणतात, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार तरी असेल तो. ती तिथे थांबलीच नसती. म्हणून मी परत फिरले."

मी म्हणालो, "थांबली नसती. पण आली असती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काय विचारतोय ते तिला कळलं. मुलीनं नकाशा स्वतः रंगवलेला होता. ती नेमून दिलेल्या जागी गेली असणार. ती जागा खराब निघाल्यावर चार पावलं मागे येऊन गर्दीत शिरली नसणार. ज्या दिशेला आवाज कमी, त्या दिशेला ती पुढे गेली असणार.

आम्ही दोघं जवळजवळ पळतच टाकीमागे गेलो. जनरेटर धडधडत होता. टाकीतून सांडलेल्या पाण्यानं कुंपणाशी चिखल झाला होता आणि चिखलात लहान सँडलचे तीन ठसे होते, तोंड बाहेरच्या बाजूला. कुंपणाची खालची तार वर उचललेली. तारेपलीकडे केळीची बाग.

याच बागेत आमचे दोन आरक्षक शिट्ट्या मारत पंधरा मिनिटं फिरले होते. मुलगी तेव्हा आतच असणार. बाईनंही ते ओळखलं. पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. "म्हणजे ती अजून आत गेली," ती म्हणाली.

मुकादमाला बोलावलं. मघाशी ज्याला मी वाटेला लावलं होतं तोच. पन्नाशीचा, सडसडीत, हातात कोयता. धूलकोट गावाकडचा माणूस. मी त्याला विचारलं की आत किती पुढपर्यंत बाग आहे. त्यानं सांगितलं, साडेनऊ हजार झाडं, आणि पल्याडच्या टोकाला शेततळं.

"प्लास्टिक टाकेल आहे साहेब त्यात. गुळगुळीत. माणूस आत गेला तर त्याला वर चढता येत नाही."

मी त्याची दोन माणसं बाहेरच्या बांधानं शेततळ्याकडे पाठवली. पळायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं काठावर उभं राहायचं. पाच मिनिटांनी त्यातल्या एकानं लांबून हात हलवला. पाण्यावर काही नव्हतं. पाण्याखालचं काठावरून दिसत नाही, हे मला माहीत होतं, त्या मुकादमाला माहीत होतं आणि मला वाटतं आईलाही माहीत होतं. 

मग मी तिला विचारलं, "ताई, आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

तिनं सांगितलं. सगळं बंद करायचं. स्पीकर, डीजे, झुले, जनरेटर, सायरन, शिट्ट्या, बागेतली मोटार. आणि ते बंद करा अशी घोषणाही माईकवरून करायची नाही.

मॅनेजर आला. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. "साहेब, आज संडे आहे. अकराशे सव्वीस तिकिटं फाटली आहेत. सगळं बंद केलं तर पब्लिक रिफंड मागेल ना. मालकांना मी काय सांगू?" मी म्हणालो की पोलिसांनी बंद करायला लावलं असं सांगा, मी लेखी देतो. कागद मागून मी तिथेच जनरेटरच्या शेजारी उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, सही केली, वेळ टाकली, दोन अठ्ठावीस. तो कागद त्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मग माणूस बदलावा तसा बदलला. कुणाला न पाठवता स्वतः पॅनेलच्या खोलीत गेला आणि मुख्य स्विच खाली ओढला. वर अडकलेला झुला हातानं फिरवून माणसं उतरवायला लावली. आपल्या बावीस कर्मचाऱ्यांना चारी बाजूंना पाठवलं. ते आणि माझी माणसं घोळक्या-घोळक्यापाशी जाऊन हळू आवाजात सांगत गेले की एक लहान मुलगी आवाजाला घाबरून लपली आहे, थोडा वेळ बसून घ्या.

मला वाटलं होतं, लोक ऐकणार नाहीत. आमच्या गावात गप्प बसा म्हटलं की चार जण भाषण करायला उभे राहतात. पण त्या दिवशी माणसं जागच्या जागी खाली बसली. पाण्यातली पाण्यात बसली. पोरांच्या एका टोळक्यानं आपला स्पीकर बंद केला आणि शेजारच्या टोळक्यालाही करायला लावला. एका आजोबांना खोकला आवरेना, ते तोंडावर उपरणं धरून बाहेर बसमध्ये जाऊन बसले. रडणारं तान्हं बाळ घेऊन एक बाई त्यांच्या मागोमाग गेली. कुणी रिफंडचं नाव काढलं नाही. अकराशे माणसं असूनही वाऱ्यानं केळीची पानं घासल्याचा आवाज ऐकू येत होता.

बागेत जाताना मी सवयीनं मान उंच करून बघू लागलो. मुकादमानं माझा हात धरला.

"उभ्यानं काही दिसत नाही साहेब केळीत. खाली बसा, मग दिसते."

मी उकिडवा बसलो. आणि खरंच, जिथे मघाशी हिरवी भिंत होती तिथे आता खोडांच्या मधून लांबच लांब गल्ल्या दिसू लागल्या. पानं सगळी वर. खाली नुसती खोडं, ठिबकच्या काळ्या नळ्या आणि ओली माती. घडाखाली बसून कटाई करणाऱ्या माणसाला ही बाग रोज अशीच दिसते. माझे आरक्षक तिच्यात उभ्यानं पळून आले होते.

मुकादमाची नऊ माणसं पाच-पाच ओळी सोडून बसली. बसल्या बसल्या पुढे सरकायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. कुणाला काही दिसलं तर ओरडायचं नाही, हात वर करायचा, आणि शेजारच्यानं तो हात पुढे पोचवायचा. आई मुकादमाच्या मागे, मी आईच्या मागे. माझे बूट वाजत होते म्हणून मी ते काढून बांधावर ठेवले.

दोन पंचेचाळीसला हात वर झाला. डावीकडून चौथा माणूस.

चिमी एका खोडाला टेकून बसली होती. एक कान खोडाला घट्ट लावलेला, दुसऱ्या कानावर दोन्ही हात. डोळे मिटलेले. केळीचं खोड पाण्यानं भरलेलं आणि थंड असतं, त्यातून बाहेरचं काही ऐकू येत नसावं. तिच्यापासून शेततळ्याचा बांध साठ पावलांवर होता. मी नंतर मोजला.

माझं शरीर पुढे झेपावलं, हे सांगितलं पाहिजे. चार ढांगांत तिला उचलता आलं असतं. आईनं मागे न बघता तळहात दाखवून मला थांबवलं. ती तशीच खाली सरकत गेली, मुलीपासून दहा-बारा फुटांवर थांबली आणि मुलीकडे पाठ करून मातीत मांडी घालून बसली. हाक नाही, हालचाल नाही.

मी घड्याळ बघत होतो. एक मिनिट झालं. दोन झाली. मुलगी दचकून उठली आणि पळाली तर साठ पावलं. तीन मिनिटं. मी त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिलो. ज्या पाठीवर तासाभरापूर्वी मी संशय घेतला होता ती दगडासारखी स्थिर होती. खांदेसुद्धा हलत नव्हते. एवढ्या वेळानं आपलं मूल मागे जिवंत आहे हे कळूनही मान न वळवणं म्हणजे काय, ते मूल असलेल्यालाच समजेल. चार. पाच. कधीतरी मुलीनं डोळे उघडले. आईची पाठ बघितली. थोडा वेळ नुसती बघत बसली. मग एक हात कानावरून काढला, बाहेर काय आहे ते चाचपलं, मग दुसरा काढला. सातव्या मिनिटाला ती रांगत आली आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसली.

तिचं पहिलं वाक्य मी ऐकलं. अगदी हळू, पण तक्रारीच्या सुरात :

"आई, जनरेटर वहीत नव्हता."

"नव्हता," आई म्हणाली. "माझं चुकलं. आज लिहू."

माझ्या बाजूला बसलेला मुकादम तोंड फिरवून कोयत्याच्या पात्यावरचा चीक पुसू लागला. मी उगीच घड्याळ बघितलं. दोन बावन्न.

पुढचं सगळं कागदी. मूल सापडल्याचा पंचनामा, आमच्याकडे त्याला दस्तयाबी म्हणतात, तो बांधावर बसून हलक्या आवाजात केला. पंच म्हणून मुकादम आणि मॅनेजर. वैद्यकीय तपासणीला जिल्हा रुग्णालयात सायरनशिवाय नेलं. बाप गाडीत मागच्या बाजूला बसला होता. अर्ध्या रस्त्यात तो बायकोकडे न बघता म्हणाला, "ती वही मला पण दाखव घरी गेल्यावर." आकाशपाळणा त्या दिवशी राहिला. चिमीला घरी जायचं होतं.

तीन आठवड्यांनी प्रकरण बंद करायच्या जबाबासाठी आई ठाण्यात आली. जबाब झाल्यावर तिनं सांगितलं की मॅनेजरनं स्वतः फोन केला होता. मंगळवारी उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास तो स्पीकर लावत नाही. गेटवरचा नियम बदलला आहे, कानांची झाकणं चालतात. आदल्या मंगळवारी चिमी आकाशपाळण्यात बसली, पाच फेऱ्या. बाप सोबत बसला, त्यालाच चक्कर आली. हे सांगताना ती हसली. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या प्रकरणानंतर माझ्या ठाण्यात एक बदल मी केला आणि बदली होईपर्यंत चालवला. हरवल्याची तक्रार लिहिताना उंची, रंग, कपडे यांच्या आधी एक प्रश्न विचारायचा : तुमचं माणूस कशाला घाबरतं? आणि सांगणारा जे सांगेल ते पहिल्या ओळीत जसंच्या तसं लिहायचं. त्या रविवारी आईनं मला दोनदा उत्तर दिलं होतं. मी प्रश्नच विचारला नव्हता, म्हणून ते मला ऐकू आलं नाही. आमच्या खात्यात निरीक्षण शिकवतात, नोंद शिकवतात. दोन दिवस रजा टाकून, तिकिटं काढून, एकही झुला न खेळता, एका मुलीच्या कानांनी सबंध उद्यान ऐकून लिहिलेली ती वही मी आजवर पाहिलेली सर्वात चांगली केस डायरी आहे. तिच्यात एक नोंद कमी होती, ती त्या बाईनं स्वतः मान्य केली. माझ्या डायरीतल्या चुका मान्य करायला मला तीन आठवडे लागले.

जाताना तिनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पडलेल्या तीन झाडांचे पैसे, बागेच्या मालकाला द्या म्हणाली. मुकादमाला विचारून तिनं हिशेबही आणला होता. तीन घड, वीस किलोप्रमाणे साठ किलो, त्या आठवड्याचा भाव चौदा रुपये, आठशे चाळीस. हिशेबात चूक नव्हती. मी पाकीट तिला परत दिलं.

"ताई, ती झाडं चिमीनं नाही पाडली."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत बागेच्या मालकाकडे गेलो. तो पैसे घ्यायला तयार नव्हता. पोलिसाकडून कुणी पैसे घेतं का साहेब, असं म्हणून त्यानं चहा मागवला. चहा घेतला आणि पावती लिहा म्हणून मी हट्ट धरला. त्यानं वही काढली, रक्कम लिहिली आणि विचारलं की कशाबद्दल लिहू.

"लिहा, पोलिसांच्या गोंधळाबद्दल."

त्याला हसू आलं आणि त्याचा हात पुढे चालेना. मग पेन घेऊन ते दोन शब्द मीच लिहिले, त्यानं खाली सही केली. आठशे चाळीस रुपये, बागमालकाला रोख, माझ्या पगारातून.